चुंबळ की खोगीरभरती? सायकलच्या पॅडवाल्या शॉर्टचं गणित

जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर ही सायकल शर्यत झाली तेव्हा रस्त्याच्या कडेला जी गर्दी होती त्यात मी आणि आमचे दाजी पण होतो. अर्धा तास ताटकळायचं, मग पोलिसांच्या गाड्या, मग सूंsss करून सायकलींचा एक लोंढा, आणि संपलं. लोक सायकलींच्या किमतीवर बोलत होते, कोणी चाकांवर, दाजींचं लक्ष भलतीकडेच.

"सीट बघितलीस का त्यांची? हाताच्या पंजाएवढी, आणि दिसतीये दगडासारखी. पाच दिवस यावर बसायचं? ह्यांची बुडं कशाची बनवलीयेत रे?"

म्हणलं दाजी, बूड तुमच्यासारखंच आहे, शॉर्ट वेगळी आहे.

विषय तिथंच संपायला हवा होता पण दाजींनी महिन्याभरात सायकल घेतली, आणि सोबत ऑनलाइन एक शॉर्ट, पाचशे की सहाशेची, "एक्स्ट्रा जाड जेल पॅड" असं लिहिलेली. पहिल्याच रविवारी कोथरूड ते खडकवासला आणि परत. संध्याकाळी फोन. काय करताय विचारलं तर म्हणे उभा आहे. उभे का? "बसता येत नाहीये म्हणून उभा आहे."

आणि मग तो प्रश्न, जो नवीन सायकल घेतलेला प्रत्येक माणूस दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी विचारतोच, की अरे एवढं जाड पॅड आहे, उशीच आहे उशी, तरी दुखतंय कसं? तर दाजींना फोनवर जे तासभर सांगितलं तेच इथे जरा नीट लिहितोय, कारण हा प्रश्न लाजेपोटी लोक कोणाला विचारत नाहीत आणि गुपचूप सायकल गॅलरीत लावून टाकतात कपडे वाळत घालायला.

आधी हे बघू की आपण बसतो कशावर

आत्ता खुर्चीवर बसला असाल तर एक करा, दोन्ही हातांचे तळवे बुडाखाली सरकवा आणि जरा पुढं-मागं हला. दोन टणक गाठी टोचतील हाताला. ती तुमची बैठकीची हाडं, सायकलवाले त्यांना सिट बोन म्हणतात. कमरेच्या हाडाचा सगळ्यात खालचा भाग. निसर्गाने बसायला हीच दोन हाडं दिलीयेत, वजन ह्यांच्यावरच यायला पाहिजे.

दोन हाडांच्या मधला जो मऊ भाग आहे, पुढून मागे जाणारा, तिथून नसा आणि रक्तवाहिन्या जातात. तो भाग बसण्यासाठी नाहीच. त्याच्यावर वजन आलं की आधी मुंग्या येतात मग बधिर होतं, पाय दुमडून जेवायला बसल्यावर पाय झोपतो ना, तसंच, फक्त जागा जरा नाजूक.

म्हणजे बघा, अख्ख्या विषयाचा गाभा एवढाच आहे: वजन दोन हाडांवर राहिलं पाहिजे, मधल्या भागावर येता कामा नये आणि कातडी घासली नाही पाहिजे. शॉर्ट घेताना जे काही बघायचं ते ह्या तिन्हीतल्या कशाला तरी मदत करतंय का एवढंच बघायचं, बाकी जाहिरात.

मग जाड पॅड वाईट का?

गावाकडे डोक्यावर हंडा घेताना चुंबळ वापरतात, बघितली असेल. जुन्या लुगड्याचा पिळा करून केलेलं कडं. आता हंडा जड आहे, डोक्याला टोचतो, तर मग डोक्यावर मस्तपैकी उशीच का नाही ठेवत कोणी? कारण उशीवर हंडा डुगडुगतो, आणि वजन पडलं की उशी दबून सपाट होते आणि हंडा परत डोक्याला टेकतोच. चुंबळ घट्ट असते, योग्य जागी असते, आणि मध्ये मोकळी असते. चांगलं पॅड म्हणजे चुंबळ. दाजींनी घेतलेलं पॅड म्हणजे उशी.

मऊ, जाड फोमवर तुम्ही बसलात की दोन हाडं त्यात रुततात. हाडं खाली गेली की मधला फोम फुगून वर येतो आणि नेमका त्या नाजूक भागात घुसतो. म्हणजे जिथं दाब नको तिथं दाब आला. शिवाय हाडाखालचा फोम तर चेंगरून कागद झालाय, म्हणजे हाडं पण दुखणारच. एका पॅडात दोन्ही त्रास, सहाशे रुपयांत.

इथं एकच तांत्रिक शब्द लागतो, डेन्सिटी, म्हणजे फोमची घनता. एक घनमीटर फोमचं वजन किती किलो भरतं तो आकडा. जाडी वेगळी आणि डेन्सिटी वेगळी. स्वस्त सोफा आठवा, दुकानात बसलं की आहाहा, दिवाळी ते दिवाळी एक वर्षात मध्ये खड्डा. तो कमी डेन्सिटीचा फोम. तासा-दीड तासाच्या चकरीला ४० ते ६० वाली पॅडं चालतात, तीन-चार तासांच्या वर ज्यांना बसायचंय त्यांची पॅडं साधारण ८० ते १२० च्या घरात असतात, आणि गंमत म्हणजे ती बऱ्याचदा पातळ असतात. हाडाखाली जेमतेम एखाद सेंटीमीटर, बाकी ठिकाणी त्याहून कमी. चांगली कंपनी हा आकडा छापते. जी कंपनी नुसतं "टेन-डी, ट्वेंटी-डी" असलं काहीतरी छापते तिथं मी पुढं जातो, ह्या "डी"ला ठरलेला असा काही अर्थच नाहीये, वीस घडीच्या रेशमी वगैरे म्हणल्यासारखं आहे ते.

दुकानात आकडा नसेल छापलेला तर अंगठ्याने तपासा. पॅडच्या हाडाखाली येणाऱ्या भागाला एका बाजूने अंगठा आणि दुसऱ्या बाजूने बोट लावून जोरात चिमटा. बोटाला बोट लगेच लागलं तर ते पॅड बसल्याबसल्या मरणार. जरा झुंज देत दबलं आणि सोडल्यावर सावकाश वर आलं तर ठीक.

आणि जेल? जेल म्हणजे ती चिकट जेलीसारखी पिशवी भरलेली. ती जड, त्यातून हवा जात नाही, आपल्याकडच्या एप्रिलमध्ये ती गरम पाण्याची पिशवी होते अक्षरशः. जुनं "खोगीरभरती" ह्यालाच म्हणत असावेत. सीटवर चढवायचं जे जेल कव्हर मिळतं त्याचंही हेच, वर ते सरकतं पण.

आमचे आजोबा धोतरावर सायकल चालवायचे, त्यांना नाही लागलं पॅड!

हा आक्षेप येतोच, आणि खरं सांगायचं तर बिनबुडाचा नाहीये (कोटी हेतुपुरस्सर). दूधवाले, पोस्टमन, शाळामास्तर रोजचे वीस-वीस किलोमीटर हाणत होते काही न घालता, म्हणजे पॅड न घालता.

पण त्यांची सायकल आठवा. काळी, दांडीवाली, हँडल उंच आणि माणूस ताठ बसलेला, खाली रुंद कातडी सीट आणि त्याला मागे जाड स्प्रिंगा. ताठ बसलं की वजन बरोबर हाडांच्या मागच्या भागावर येतं. वेग कमी, पाय सावकाश, मध्येमध्ये दोन मिनिटं उतरून "काय म्हणताय" करायचं. आणि धोतर सैल पण मऊसूत, त्याला जांघेत जीन्ससारखी जाड शिवण नाही.

रोड सायकलवर सगळं उलटं आहे. हँडल खाली, तुम्ही वाकलेले. वाकलं की कंबर पुढं कलते आणि दाब हाडांवरून सरकून पुढच्या मऊ भागाकडे जातो. सीट अरुंद, कारण रुंद सीट मांड्यांना आडवी येते. आणि पाय? मिनिटाला ८० पेडल धरा, तासाला ४,८०० झाले, चार तासांत १९,२००. तेवढ्या वेळा दोन्ही मांड्या सीटच्या कडेला घासून वर-खाली. साधी शिवण असली तरी कानस होते तिची.

म्हणूनच तुमची सायकल कुठली आणि तुम्ही किती वाकता ह्यावर पॅड ठरतं. हायब्रिडवर, म्हणजे सरळ हँडलच्या सायकलवर, ताठ बसणाऱ्याला मागे जाड असलेलं पॅड, खाली वळलेल्या ड्रॉप हँडलवर वाकणाऱ्याला पुढंपर्यंत आधार देणारं, मध्ये खाच असलेलं. दाजींची हायब्रिड आहे, त्यांना माझी शॉर्ट दिली असती तरी ते उभेच राहिले असते कदाचित.

दुखतंय म्हणजे नेमकं काय दुखतंय?

हे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि लोक इथंच चुकतात कारण "बूड दुखतं" ह्या एका वाक्यात वेगवेगळी दुखणी असतात आणि प्रत्येकाचं औषध वेगळं.

हाडं ठणकतात, दाबल्यावर निळं पडल्यासारखं वाटतं: हे नव्याला होणारच, पहिले दोन-तीन आठवडे. जिमला पहिल्या दिवशी गेल्यावर दंड धरतात तसंच. आठवड्यातून तीन-चारदा थोडं थोडं बसा, कमी होतं. ह्यासाठी नवीन शॉर्ट घेऊ नका लगेच.

बधिर होतं, मुंग्या येतात: हे अजिबात चालवून घ्यायचं नाही. सवय होईल म्हणून दामटायचं नाही. दर दहा-पंधरा मिनिटांनी पेडलवर उभं राहा, सीटचं नाक वर आलंय का बघा, आणि उतरल्यावरही बधिरपणा जात नसेल तर डॉक्टरकडे जा, लाजू नका.

आणि तिसरं म्हणजे कातडीचं. घाम, घर्षण आणि जंतू. आधी जांघ सोलवटते, मग केसाच्या मुळाशी लाल पुटकुळी, मग केसतोड. सायकलवाले ह्या सगळ्याला मिळून सॅडल सोअर म्हणतात, पण आपला केसतोड शब्द जास्त खरा वाटतो मला, नुसता उच्चारला तरी डोळ्यात पाणी येतं.

हे किती महाग पडू शकतं बघा. १९८९ ची टूर द फ्रान्स. फ्रान्सचा लोराँ फिन्यों शेवटच्या दिवशी अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडच्या ५० सेकंद पुढे होता, फक्त व्हर्साय ते पॅरिस साडेचोवीस किलोमीटर एकट्याने चालवायचं राहिलं होतं. फिन्योंला शेवटच्या दिवसांत सॅडल सोअर झालेला, धड बसता येईना. हरला, किती फरकाने तर ८ सेकंद. तीन हजारांवर किलोमीटर आणि ८ सेकंद. लोक लेमाँडच्या वारा कापणाऱ्या खास हँडलबद्दल बोलतात, हेल्मेटबद्दल बोलतात, ते आहेच खरं. पण त्या जखमेचा वाटा त्यात किती होता हा विचार माझ्यासारख्या केसतोडग्रस्ताला सुटत नाही.

आतून काहीच घालायचं नाही?

फोनवर दाजींना म्हणलं, आत चड्डी घातली होती का? थोडा वेळ शांतता. "म्हणजे काय? घालणारच की. काय बोलतोयस तू."

तर हो. काहीच घालायचं नाही. पॅडवाली शॉर्ट हीच अंतर्वस्त्र आहे, तशीच शिवलेली असते ती. पॅडवर वरून जो कापडाचा थर असतो तो घाम ओढून बाहेर सोडण्यासाठी असतो आणि त्याला कुठं टोचेल अशी शिवण नसते. तुम्ही आत सुती चड्डी घातली की झालं काय, सूत घाम पिऊन ओलं राहतं, तिची इलास्टिकची शिवण बरोबर जांघेत, सीटच्या कडेवर येते, आणि मग ते १९,२०० वेळा. मी स्वतः हेच केलंय, पहिल्या वर्षी, दिवे घाट चढून सासवडला गेलो आणि तिथं बसने परत यायचा विचार करत मिसळ खाल्ली, उभ्याने. घरी येऊन अंघोळीचं पाणी अंगावर घेतलं तेव्हा जी किंचाळी फोडली ती ऐकून आई दार वाजवायला लागली, काय झालं म्हणून. काय सांगणार.

अस्वच्छ नाही का ते? असं दाजींनी विचारलं. उलट आहे. घातलेली शॉर्ट एका राइडनंतर धुवायचीच, चड्डीसारखीच, दुसऱ्या दिवशी तीच परत घालायची नाही. आणि राइड संपली की पहिली शॉर्ट काढायची. नाश्त्याला जाऊन दोन तास त्याच ओल्या पॅडवर गप्पा मारत बसतात ना ग्रुपमधले, निम्मे केसतोड तिथं होतात, सायकलवर नाही. बॅगेत एक साधी हाफ पँट ठेवा, हॉटेलच्या बाथरूममध्ये बदला आणि मग खा काय खायचं ते.

ते पैलवानासारखं पट्टेवालं कशाला?

त्याला बिब म्हणतात. कमरेला इलास्टिक नसतं, खांद्यावरून दोन पट्टे जातात, कुस्तीच्या पोशाखासारखं दिसतं खरं आणि आरशात पहिल्यांदा बघितल्यावर हसू येतंच.

फायदा असा की पॅड जागचं हलत नाही. कमरेच्या इलास्टिकवाली शॉर्ट पेडल मारता मारता इंच-इंच खाली सरकते, पॅड हाडाखालून निघून जातं आणि मध्ये सुरकुती पडते, आणि सुरकुती म्हणजे परत कानस. शिवाय वाकल्यावर इलास्टिक पोटात रुततं, आणि ज्यांना पोट आहे (मला आहे, दाजींना तर आहेच) त्यांना तासाभराने श्वास अडकल्यासारखं होतं. बिबमध्ये पोट मोकळं.

तोटा एकच, लघवीला. पुरुषांचं पुढून खाली ओढून भागतं कसंतरी, पण पोट बिघडलं असेल तर जर्सी काढा, पट्टे उतरवा, ढाब्याच्या संडासात ती जर्सी लटकवायला खुंटी नसते, हे सगळं आलं. तास-दीड तासाच्या चकरीला साधी शॉर्ट पुरते. ५० किलोमीटरच्या वर नेहमी जात असाल तर बिब घ्या.

आणि "लोक काय म्हणतील" असेल तर वरून सैल हाफ पँट किंवा पातळ ट्रॅक पँट घाला, कोणी अडवलंय. सोसायटीच्या लिफ्टमध्ये मी अजूनही घालतो, गेटच्या बाहेर काढून खिशात. फक्त वरची पँट पातळ हवी आणि तिची शिवण बुडाखाली येणारी नको.

दुकानात घालून बघताना

शक्यतो पहिली शॉर्ट दुकानात जाऊनच घ्या, डिकॅथलॉनसारख्या ठिकाणी नाहीतर सायकलच्या दुकानात, माप एकदा कळलं की मग ऑनलाइन. ट्रायलला आत चड्डी ठेवूनच घालायची, हा एकमेव अपवाद, न विकत घेतलेल्या मालावर मेहेरबानी करा.

घातल्यावर ताठ उभे राहाल तेव्हा ती घट्ट वाटणार, बिबचे पट्टे खांदे खाली ओढणार, आणि चालताना मांड्यांमध्ये लंगोट बांधलेल्या बाळासारखं वाटणार. इथंच माणसं एक साइज मोठी मागतात आणि फसतात. ही कापडं उभं राहण्यासाठी शिवलेलीच नाहीत. वाका, सायकलवर वाकता तसं, हात समोरच्या टेबलावर. वाकल्यावर सगळं सैल होऊन बरोबर बसलं पाहिजे. जी शॉर्ट आरशासमोर उभं असताना मस्त वाटते ती सायकलवर ढिली होणार, हे धरून चाला.

अंगाला चोपून बसली पाहिजे, कुठंही चिमटीत कापड येता कामा नये जांघेपाशी. पॅड कातडीला टेकलेलं हवं, मध्ये पोकळी नको, पोकळी असेल तिथं पॅड आणि तुम्ही वेगवेगळे हलणार. मांडीवरची पट्टी रुतून वळ उठवत असेल तर लहान आहे, वर गोळा होत असेल तर मोठी. दुकानात सायकल उभी असेल तर विचारून दोन मिनिटं बसून बघा, नाही म्हणत नाहीत सहसा.

मापाबद्दल अजून एक, कंपनीकंपनीच्या साइजमध्ये इतका फरक आहे की काही इटालियन कंपन्यांची एक्सएल आपल्या एमला होत नाही, त्यामुळे अक्षर बघू नका, कंबर आणि मांडीचे इंच मोजून तक्ता बघा.

बायकांची शॉर्ट वेगळी कशाला, गुलाबी रंग सोडून?

कारण कमरेचं हाड वेगळं. बायकांच्या बैठकीच्या हाडांमधलं अंतर साधारणपणे जास्त असतं, त्यामुळे पॅड मागे रुंद आणि पुढे आखूड लागतं. पुरुषांच्या पॅडात मध्ये जी खाच किंवा कप्पा असतो त्याची कड बायकांना नको त्या जागी येते. आमच्या ग्रुपमधल्या एका ताईंनी वर्षभर नवऱ्याच्या मापाची वापरली, "एकच तर आहे" म्हणून, आणि वर्षभर समजत होत्या की सायकल आपल्याला झेपत नाही. बायकांची शॉर्ट घेतल्यावर सायकल झेपायला लागली. काळीच घेतली, गुलाबी नव्हे.

बिबमध्ये बायकांसाठी पाठीमागे क्लिप किंवा चेन असलेले प्रकार येतात, जर्सी न काढता खाली करता येतात. महाग पडतात पण हायवेवरच्या स्वच्छतागृहांची अवस्था बघता तो पैसा वसूल आहे असं त्याच ताईंचं म्हणणं. पाळीच्या दिवसांत सॅनिटरी पॅडच्या कडा घासतात, त्यामुळे बऱ्याच जणी त्या दिवसांत कप वापरतात.

पैसे किती घालायचे?

पाचशे-सातशेचं जे मिळतं ते दाजींचं बघितलंत. दीड ते तीन हजारांत, देशी कंपन्यांत सुद्धा, दोन-तीन तास आरामात बसता येईल अशी शॉर्ट मिळते, आणि नव्याने एवढ्यातच थांबावं. चार ते सात हजारांत लांब पल्ल्याची चांगली बिब. त्याच्या वर दहा, पंधरा, वीस हजार असे आकडे आहेत, तिथं कापड पातळ होतं, शिवणी गायब होतात, रंग सुंदर असतात, पण दोन हजारावरून पाच हजारावर जाताना जो फरक बुडाला कळतो तो पाचवरून पंधरावर जाताना फक्त खिशाला कळतो. हे माझं मत, पंधरावाले चिडतील.

माझा सल्ला असा की सायकलवर दहा हजार कमी घाला पण शॉर्टवर तीन हजार जास्त घाला. पन्नास हजाराच्या सायकलला पुढचं चाक धरणारा काटा (फोर्क) कार्बनचा आहे आणि खाली सहाशेची शॉर्ट, म्हणजे वऱ्हाड बसमधून आणि नवरदेव टपावर.

एकाच वेळी एक महागडी घेण्यापेक्षा बऱ्या दोन घ्या, कारण एक वाळत असते. २०० किलोमीटरची ब्रेव्हे (ठरलेल्या वेळात पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड, शर्यत नव्हे) साडेतेरा तासांत करायची असते, तिथंही लोक एकाच शॉर्टमध्ये काढतात. पण ६०० ला ४० तास मिळतात, तिथं दुसरी शॉर्ट बॅगेत टाकतात आणि तीही वेगळ्या पॅडची, म्हणजे दाबाची जागा थोडी बदलते.

क्रीम लावतात ते काय, आणि धुवायची कशी?

पॅडला सायकलवाले "शॅमी" म्हणतात. शॅमॉय नावाचा बकरीसारखा प्राणी युरोपातल्या डोंगरात असतो, पूर्वी लोकरीच्या शॉर्टमध्ये त्याचं मऊ कातडं शिवायचे. धुतलं की ते पापडासारखं कडक व्हायचं, मग मऊ करायला त्याला मलम चोळायचे. १९५८ मध्ये ड्युपाँट कंपनीत लायक्राचा ताणला जाणारा धागा निघाला आणि पुढे शॉर्ट त्याची व्हायला लागली, कातडं जाऊन फोम आला, पण शॅमी हे नाव आणि क्रीम दोन्ही राहिलं. आता क्रीम पॅड मऊ करायला नाही, घर्षण कमी करायला लावतात.

तासाभराला गरज नाही. तीन तासांच्या वर, किंवा पावसाळ्यात, जांघेत आणि सीट टेकते तिथं पातळ लावा. क्रीम नसेल तर खोबरेल तेल चालतं मला तरी, माझ्या ओळखीचे निम्मे लोक तेच लावतात. पेट्रोलियम जेली मात्र पॅडमधून धुवून निघत नाही, थर बसतो आणि मग घाम ओढायचं काम बंद. तिथले केस वस्तऱ्याने काढू नका, खुंट वाढताना केसतोड हमखास, फार तर कात्रीने बारीक करा.

धुताना उलटी करून, थंड पाणी, थोडीच पावडर. कपड्यांना वास यायला जे कंडिशनर टाकतात ते ह्यात नको, कापडाची घाम ओढायची ताकद जाते. ब्रशने घासू नका, पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. इस्त्री, ड्रायर नाही. वाळवताना पॅड बाहेर, सावलीत वाऱ्यावर. जुलै-ऑगस्टमध्ये पॅड दोन-दोन दिवस वाळत नाही, पंख्याखाली खुर्चीच्या पाठीवर टाका. बाहेरून कोरडं लागतं आणि आत दमट असतं, तसंच घातलं तर नायटा, गजकर्ण सगळं येतं पाठोपाठ, आणि ते सायकल बंद ठेवूनच जातं.

सगळं केलं, तरी दुखतंय

मग दोष शॉर्टचा नाही. सीट उंच असेल तर पेडल खाली जाताना पाय पुरत नाही, कंबर डावी-उजवी डुलते आणि जांघ सोलते, जगातली कुठलीही शॉर्ट ते थांबवणार नाही. मागून कोणाला तरी व्हिडिओ काढायला सांगा, कंबर डुलताना दिसली तर सीट अर्धा सेंटीमीटर खाली घ्या.

नाहीतर सीटची रुंदीच चुकीची. ही घरी मोजता येते. ऑनलाइन मागवलेल्या खोक्याचा लाटांवाला पुठ्ठा घ्या, जिन्याच्या पायरीवर ठेवा, पातळ कपड्यांवर त्याच्यावर बसा आणि जरा पुढे वाका, मिनिटभर. उठल्यावर पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतील, खडूने रंगवा म्हणजे नीट दिसतात. मधोमध ते मधोमध अंतर मोजा. बहुतेकांचं १० ते १५ सेंटीमीटरमध्ये कुठंतरी येतं, आणि सीट त्याहून दोनेक सेंटीमीटर रुंद हवी. दाजींचं साडेतेरा आलं. ताईने, म्हणजे माझ्या सख्ख्या बहिणीने, तो पुठ्ठा बघून विचारलं हे काय आहे, आणि दाजींनी जे उत्तर दिलं ते इथं लिहीत नाही.

त्यांची सीट मात्र ठीक निघाली, उंची जास्त होती, ती कमी केली, आणि अडीच हजाराची देशी शॉर्ट घेतली, आत काहीही न घालता. गेल्या रविवारी पानशेतला जाऊन आले आणि घरी येऊन सोफ्यावर बसले. मुद्दाम फोटो पाठवला बसल्याचा.

टाकायची कधी?

नियमित वापरली तर एक-दोन वर्षांत पॅड मरतं. चिमटा काढून बघा, सोडल्यावर वर येत नसेल तर संपलं. पट्टे ढिले पडले, मांडीची पट्टी सरकायला लागली, हेही तेच सांगतं.

पण कापड बऱ्याचदा पॅडच्या आधी जातं, आणि ते तुम्हाला दिसत नाही कारण जातं ते मागून. सीटवर घासून घासून लायक्रा विरळ होतो, आरशात उभं राहिलं की काळा कुळकुळीत दिसतो, वाकलं की जाळी. उजेडाकडे धरून ताणून बघा अधूनमधून, पलीकडचं दिसलं तर त्याच दिवशी कचऱ्यात, घरातल्या ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायचा स्टँड) चालेल फार तर. माझ्या पहिल्या चांगल्या बिबचं असं झालं होतं. मला कळलं चार महिन्यांनी, तेही एका नवीन मुलाने बोपदेव घाट चढताना भाबडेपणाने सांगितलं म्हणून. ग्रुपमधल्या बाकी सगळ्यांना आधीपासून माहीत होतं. माझ्या मागे कोणी का लागत नाही, ह्याचा अर्थ मी आपला वेग वाढला असा लावत होतो.